जुनी द्राक्षबाग घेतोय. माती आणि विहिरीचं पाणी कशाकशासाठी तपासून घ्यावं?

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात २ एकर ३० गुंठे जमीन घ्यायचं चाललंय. विकणारे वडिलांचे चुलतभाऊ, आमचे तात्याच. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला, गुडघे गेले, बावीस वर्षांची बाग काढून टाकली त्यालाही दीड वर्ष झालं. अँगल आणि तारा अजून उभ्या आहेत. मी आणि माझा भाऊ मिळून घेतोय. भाऊ-भावजय तिथेच दोन खोल्या बांधून राहणार आहेत. भावजयीला सातवा महिना आहे, म्हणजे नवीन घरात पहिलं पाणी पिणारं माणूस अगदी तान्हं असणार. म्हणून माझा जीव खालीवर होतोय.

सातबारा, फेरफार, इतर हक्क, सगळं वकिलांनी पाहिलं, कागद स्वच्छ आहेत. पण कागदात पाण्याचं काही नसतं. गेल्या रविवारी मी एकटीच जाऊन सगळं रान फिरले, जे दिसलं ते लिहिते.

विहीर ४५ फूट, वरचं १५ फूट बांधलेली. एप्रिलमध्ये तळाला आठेक फूट पाणी. मोटरच्या खोलीला लागून सिमेंटचा हौद आणि २०० लिटरचे दोन निळे ड्रम. औषध इथेच कालवायचे, हे मला लहानपणापासून आठवतं. हौदाच्या कडांवर हिरवट-निळे ओघळ सुकलेत, नखानं खरवडले तरी निघत नाहीत. बाकी रानात गाजरगवत कमरेला लागतंय, पण हौदाभोवती दहा-बारा फुटांत काडीसुद्धा उगवलेली नाही. तिथली माती मी मुठीत घेतली तर ढेकूळ नुसतं मेलेलं वाटलं. एक गांडूळ नाही, एक मुळी नाही.

दुसरं, पूर्वेला चढाच्या अंगाला शेजारच्यांचं पोल्ट्रीचं शेड आहे. कोंबडखताचा ढीग शेडमागे उघड्यावर. तिथून विहीर माझ्या पावलांनी नव्वद पावलं.

बांधाजवळ सहा इंची बोअरही आहे, २८० फूट. ठिबकच्या तोट्यांवर पांढरा थर आहे, पण तो आमच्या भागात सगळीकडेच असतो.

तात्यांनी स्वतःहून माती परीक्षणाचा अहवाल आणून दिला. सामू ८.२, क्षारता ठीक, सेंद्रिय कर्ब मध्यम, पालाश भरपूर, "तांबे : पुरेसे". भाऊ म्हणतो, झालं की मग, माती चांगली आहे. मला मात्र हा अहवाल वाचून समाधान झालं नाही आणि का झालं नाही तेही नीट सांगता येत नाही.

मला विचारायचंय ते असं. या अहवालातून जमिनीत विषारी काही आहे-नाही ते कळतं का? नसेल तर नक्की काय तपासायचं, आणि नमुना कुठून घ्यायचा? आणि हे सगळं तात्यांचं मन न दुखावता कसं करायचं? त्यांनी आयुष्यभर ही बाग पोटच्या पोरासारखी सांभाळली. "तुमची जमीन तपासून घेते" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाहीये.

बागवान_३०_वर्षं

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तात्यांना सरळ सांगा की घरात बाळ येणार आहे म्हणून पाणी तपासतोय. बागवाल्याला तपासणीचं नवल नाही. २०१० ला युरोपात आपला माल क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखायच्या औषधाच्या अंशावरून अडकला (आपण त्याला लिहोसिन म्हणायचो), तेव्हापासून निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची तपासणी आम्ही पाहिली आहे. द्राक्षाची तपासणी दरवर्षी झाली, ज्या मातीत वेल उभा होता तिची कुणी केली नाही, एवढंच.

तुम्ही हौदाभोवतीची उघडी जागा बघितली, तीच खरी जागा. बागेत औषध पानावर पडतं, पसरतं, पातळ होतं. हौदाजवळ मात्र बावीस वर्षं नुसतं सांडलेलं असतं, आणि तेही बिनपाण्याचं, डब्यातलं. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळाचा पाऊस झाला तेव्हा डावणी या बुरशीच्या रोगापायी आम्ही दिवसातून दोनदोनदा फवारलं, रात्री बॅटरी लावून. त्या घाईत किती मोरचूद (तांब्याचा निळा क्षार), किती बुरशीनाशक ड्रमच्या बाहेर गेलं असेल याचा हिशोब कुणाकडे नाही.

आणखी एक विचारा. ड्रम भरायची नळी औषधात बुडवून ठेवायचे की वर टांगायचे? माझ्या स्वतःच्या विहिरीचं सांगतो. नळी ड्रममध्ये बुडालेली, लाइट गेली, पाणी उलटं जाऊ न देणारा फूटव्हॉल्व्ह घासलेला होता. मोटर थांबली तसं नळीतलं पाणी उलटं फिरलं आणि पाऊण ड्रम औषध विहिरीत ओढलं गेलं. मी उभा राहून बघत होतो आणि मला कळलंच नाही, ड्रम रिकामा कसा होतोय. दहा दिवस विहीर उपसली. तेव्हापासून माझी नळी ड्रमच्या तोंडापासून वीतभर वर बांधलेली असते.

तात्यांपेक्षा जास्त माहिती त्यांच्या फवारणीच्या गड्याला असेल. रिकाम्या बाटल्या कुठे पुरल्या, उरलेलं द्रावण कुठे ओतलं, हे त्यालाच ठाऊक. त्याला चहाला बोलवा.

आणि जुने सातबारे काढा. बागेच्या आधी त्या रानात काय होतं ते पीक पाहणीत सापडेल. बीएचसी या कीटकनाशक पावडरवर १९९७ साली बंदी आली, त्याआधी हुमणी-वाळवीला ती पोत्यानं जमिनीत जायची. ती लवकर विरत नाही.

नमुना_बाटली

मी सोळा वर्षं माती-पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ताई, तुम्हाला समाधान का झालं नाही ते मी सांगते.

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल (मँगनीज), बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. ही सगळी पिकाच्या जेवणाची यादी आहे. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, कीटकनाशकांचे अंश, यातलं त्यात काहीही नाही. तांबं आहे, पण ते कमी पडतंय का एवढंच बघायला. पिकाला घेता येईल असं तांबं किलोला ०.२ मिलिग्रॅमच्या वर मिळालं की "पुरेसे" असा शेरा येतो. मग ते १ असो की ४०, शेरा तोच. जास्त झालं हे सांगायला त्या कागदावर रकानाच नाही.

बागवान काकांच्या मोरचुदाचा हिशोब करून पाहू. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद. एकरी ३०० लिटर धरलं तर ३ किलो. मोरचुदात साधारण पाव हिस्सा तांबं, म्हणजे एका फवारणीला पाऊण किलो. वर्षाला सहा फवारण्या धरा, साडेचार किलो. बावीस वर्षांत एकरी शंभर किलोच्या आसपास. तांबं खाली झिरपत नाही, वरच्या वीतभर थरातच चिकटून राहतं. एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण ९ लाख किलो, म्हणजे किलोला ११० मिलिग्रॅमची भर.

हा आकडा ऐकून घाबरू नका. आपल्याकडच्या काळ्या मातीत मुळातच तांबं बरंच असतं, कारण ती ज्या पाषाणापासून झाली त्यातच ते आहे. शिवाय सामू ८ च्या वर आणि चुनखडी असलेल्या जमिनीत ते बांधलं जातं, पिकाला फार लागत नाही. पण मूळचं किती आणि फवारणीचं किती हे कळायला हवं. त्यासाठी एक नमुना अशा जागेचा घ्या जिथे कधीच फवारलं नाही, म्हणजे रुंद बांध किंवा जुन्या झाडाखालची पडीक जागा. त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही.

नमुन्याची पद्धतही इथे बदलते. खतासाठी आपण नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करतो, चार भाग करतो, समोरासमोरचे दोन टाकतो. विष शोधताना संशयाच्या जागेची माती बाकीच्या मातीत कालवायची नाही. हौदाजवळची वेगळी पिशवी, बागेची वेगळी, बांधाची वेगळी. हौदाजवळ शून्य ते सहा इंच एक आणि एक ते दीड फूट खालची दुसरी. प्रयोगशाळेत "एकूण तांबं" असं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर नेहमीची खताची तपासणी करून देतील.

आता पाणी. खरं सांगू, तुमचं वर्णन वाचून मला हौदापेक्षा कोंबडखताच्या ढिगाची काळजी जास्त वाटली. पावसात त्या ढिगातून नायट्रेट सुटतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. पिण्याच्या पाण्यात ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा आहे. ती ओलांडली तर मोठ्या माणसाला लगेच काही जाणवत नाही, पण सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचं दूध त्या पाण्यात कालवून दिलं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते, ओठ-नखं निळी पडतात. नायट्रेट, जिवाणू, एकूण क्षार, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड एवढं विहीर आणि बोअर दोन्हींचं करा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होतं. अहवालात "नायट्रेट" लिहिलंय की "नायट्रेट नायट्रोजन" ते मात्र नीट वाचा. दुसऱ्या पद्धतीत मर्यादा १० च्या आसपास येते. लोक १२ आकडा बघून खूश होतात आणि पाणी मर्यादेबाहेर असतं.

जिवाणूंची बाटली निर्जंतुक केलेली, प्रयोगशाळेतूनच आणायची, आतून बोट लावायचं नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. कीटकनाशकांसाठी गडद काचेची बाटली, प्लास्टिकची नाही. ही तपासणी महाग आहे, म्हणून आधी गड्याशी बोला आणि कोणती औषधं वापरली त्याची यादी घेऊन या. यादी नसेल तर आम्ही अंधारात शोधतो.

साधा_शेतकरी_सिन्नर

एवढं कशाला? पाणी उकळून प्यायचं. नाहीतर आरओ बसवून टाका, विषय संपला.

नमुना_बाटली

दादा, उकळण्यानं जंतू मरतात. नायट्रेट मरत नाही, पाणी आटतं आणि तेवढ्याच पाण्यात ते आणखी दाट होतं. बाळासाठी मुद्दाम दहा मिनिटं उकळलेलं पाणी उलट जास्त वाईट. टीसीएल पावडरचंही तसंच, जंतूंवर उपयोग आहे, नायट्रेटवर नाही. आरओनं नायट्रेट कमी होतं हे खरं, पण किती कमी झालं ते मशीनमधून आलेलं पाणी तपासूनच कळतं. आणि आरओ स्वयंपाकघरात बसतो, ढीग तिकडे तसाच राहतो.

मुरूम_मांजऱ्या

विहिरींच्या कामात हयात गेली, थोडं खालच्या दगडाबद्दल सांगतो.

आपल्याकडे पाणी वाळूतून गाळून येत नाही. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊ खडक), मग काळा फत्तर. मुरमातून आणि मांजऱ्यातून पाणी पळतं, फत्तरात फक्त चिरांमधून. म्हणून "विहीर ढिगापासून अमुक फूट लांब आहे" या हिशोबावर विसंबू नका. चीर त्या दिशेची असेल तर ढिगाखालचं पाणी दोन पावसांत विहिरीत येतं, नसेल तर वीस वर्षांतही येणार नाही.

हे डोळ्यांनी बघता येतं आणि आत्ता मे महिन्यातच बघता येतं. पाणी तळाला गेलं की सकाळच्या तिरप्या उन्हात विहिरीचे झिरे मोजा. प्रत्येक झिरा कोणत्या अंगाचा आणि किती फुटांवर आहे ते लिहून ठेवा. पूर्वेच्या, म्हणजे पोल्ट्रीच्या अंगाच्या झिऱ्याखाली दगडावर हिरवी-काळी बुळबुळीत साय असेल आणि बाकीच्या झिऱ्यांखाली दगड स्वच्छ असेल, तर खत तिथूनच आत येतंय असा माझा अनुभव आहे. जमलं तर त्या झिऱ्याची धार वेगळ्या बाटलीत धरा.

दुसरं म्हणजे तपासणी दोनदा करा, एकदा उन्हाळ्यात, एकदा पाऊस सुरू झाल्यावर महिन्याभरानं. एका अहवालावर विहीर विकत घेऊ नका. आणि बोअरला केसिंग, म्हणजे वरून आत सोडलेला पाइप, किती फूट आहे ते विचारा. केसिंग मुरमातच सोडलं असेल तर बोअर खोल असूनही वरचंच पाणी पिते.

इसार देताना पावतीत एक ओळ घाला की पाण्याचे दोन्ही अहवाल आल्यावर खरेदीखत होईल. नात्यात असं लिहायला जड जातं, पण नंतर भांडण होण्यापेक्षा बरं.

निफाडची_लेक

साडेतीन महिन्यांनी लिहितेय. सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं, आता काय निघालं ते सांगते.

तात्यांना बाळाचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले आणि औषधांच्या दुकानाच्या जुन्या पावत्यांची पिशवी घेऊन आले. बावीस वर्षांच्या सगळ्या नाहीत, पण नऊ वर्षांच्या निघाल्या. फवारणीच्या गड्यालाही त्यांनीच फोन केला. तो आला, उत्तरेच्या बांधावर बाभळीखाली काठी रोवून म्हणाला, इथे खणा. दोन फुटांवर बाटल्या लागल्या, काही अर्ध्या भरलेल्या. तात्या खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. "मला वाटलं पुरलं म्हणजे गेलं," एवढंच बोलले.

मे महिन्यात भावानं आणि मी विहिरीत उतरून झिरे पाहिले. एकूण पाच. पूर्वेचा झिरा तेवीस फुटांवर, त्याखाली दगडावर हातभर लांब काळपट साय, शेवाळ म्हणावं तर तसंही नाही, बोटाला तेलासारखी लागते आणि वास शेडचा. बाकी चार झिऱ्यांखाली दगड कोरडा आणि स्वच्छ.

नायट्रेट : विहीर मे मध्ये ६१, जुलैअखेर ११८. पूर्वेच्या झिऱ्याची वेगळी धार मे मध्ये १४०. बोअर मे मध्ये २८, जुलैअखेर ३१, केसिंग ६० फूट आहे. विहिरीत जिवाणू दोन्ही वेळा निघाले, बोअरमध्ये नाही. बोअरचं पाणी कठीण आहे, पण ते आम्हाला नवीन नाही.

एकूण तांबं किलोला : बांधावर ११२ मिलिग्रॅम, बागेत १९६, हौदाजवळ वरच्या थरात ८४० आणि दीड फुटावर १५०. नमुना ताई, तुमचा ११० चा अंदाज आणि आमची ८४ ची भर! मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ही जमीन आपल्याला समजू शकते. हौदाजवळच्या मातीत दोन जुन्या कीटकनाशकांचे अंशही निघाले. विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यात ते सापडले नाहीत.

अहवाल यायच्या आधी मी स्वतः एक करून पाहिलं. तिन्ही जागांची माती चहाच्या ग्लासांत भरून मेथी टाकली. उगवली सगळीकडे. बाराव्या दिवशी पाण्यात सोडवून मुळं पाहिली. बांधाची आणि बागेची मुळं बोटभर लांब, पांढरी, केसाळ. हौदाजवळची नखाएवढी, जाड, तपकिरी, टोकाशी जळाल्यासारखी. आईला दाखवली तर ती म्हणाली, ही मेथी नाहीच वाटत.

आम्ही जमीन घेतोय. घराची जागा बदलली. विहिरीजवळ बांधणार होतो, आता पश्चिमेला बोअरकडे, आणि शोषखड्डा उताराच्या खालच्या अंगाला. विहीर फक्त शेतीला. नत्र पाण्यातून आपोआप जाणार म्हणून भाऊ युरिया कमी करणार आहे. हौदाभोवतीचा दीड गुंठा तसाच ठेवतोय, त्यातली माती कुठेही पसरायची नाही, त्याभोवती ताल घातलाय म्हणजे पावसाचं पाणी तिथून विहिरीकडे वाहणार नाही. तिथे भाजी लावायची नाही, हे भावजयीनं भिंतीवर लिहून ठेवलंय. बाटल्या गोणीत भरून कोरड्या खोलीत कुलपात आहेत, जाळल्या नाहीत, कृषी सहायकांना कळवलंय. पोल्ट्रीवाल्या काकांना झिऱ्याचा अहवाल दाखवला. त्यांची नातवंडंही त्याच अंगाच्या विहिरीचं पाणी पितात हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते ढिगाखाली फरशी आणि वर पत्रा करायला तयार झालेत.

मुलगी झाली, २ किलो ९०० ग्रॅम. सध्या गावातल्या घरीच आहेत, अंगावरचं दूध चालू आहे.

आता एकच विचारायचंय. ढिगाचं काम दसऱ्यापर्यंत होईल. त्यानंतर लगेच विहिरीचा नमुना घ्यावा की थांबावं?

नमुना_बाटली

बाळ-बाळंतिणीला जपा. दसऱ्यानंतर लगेच नको. मुरमात आधी साठलेलं आहे ते अजून येत राहील, आकडा बघून काकांचा फरशीवरचा विश्वास उडेल. पुढच्या मे मध्ये घ्या, त्याच पूर्वेच्या झिऱ्याची धार आणि विहीर, एकाच दिवशी. मग पुढच्या जुलैअखेर पुन्हा. मे चा मे शी, जुलैचा जुलैशी ताडून बघायचा. बोअरचा नमुना मात्र मुलीला वरचं पाणी सुरू करायच्या आधी एकदा द्या, त्यासाठी मे ची वाट पाहू नका. बाटल्या मी काढून ठेवते.